‘ऑनर्स’ मिळालं म्हणजे पदरात नेमकं काय पडलं?

तुमच्या प्रश्नातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो इथंच सापडेल. मुलगी यंदा बारावीला, विज्ञान शाखा, रसायनशास्त्राची आवड. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतून प्रवेशपत्रं आली आहेत. पहिलं मोठं सरकारी विद्यापीठ, तिथल्या ऑनर्स कॉलेजात तिची निवड झाली आहे आणि फीमध्ये काही सवलत आहे. दुसऱ्याचं नाव जास्त मोठं, पण तिथं ऑनर्स नाही आणि सवलतही नाही. शिवाय ती आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची, परीक्षा देणारच आहे. एक पाहुणे म्हणाले, ‘ऑनर्स-बिनर्स नुसतं दिखाऊ काम, नाव बघा.’ दुसरे म्हणाले, ‘हुशारांची तुकडी आहे, सोडू नका.’ घरात परदेशी शिकलेलं कुणी नाही, म्हणून तुम्ही विचारताय की या ऑनर्सचा खरा फायदा काय, आणि त्यासाठी मोठ्या नावावर पाणी सोडावं का.

मी कोल्हापुरात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. बाहेर जाणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं लिहिणं, अर्ज तपासणं आणि गेलेल्यांच्या कुरबुरी रात्री दीड वाजता फोनवर ऐकणं, हे काम कुणी नेमून न देता माझ्याकडे आलं आणि निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. तुमचे दोन्ही पाहुणे थोडे थोडे बरोबर आहेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू, कारण ‘ऑनर्स’ हा शब्द देशोदेशी वेगळा अर्थ घेऊन फिरतो. इंग्लंडमध्ये बहुतेकांची साधी पदवीच ‘ऑनर्स’ असते. फर्स्ट, टू-वन, टू-टू, थर्ड ही तिची उतरंड. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स म्हणजे एका विषयावर भर, आपल्याकडे ज्याला ‘स्पेशल’ म्हणायचे साधारण तसं. ऑस्ट्रेलियात पदवीनंतर आणखी एक वर्ष संशोधन करून प्रबंध लिहिला की ऑनर्स. आपल्या इंजिनिअरिंगला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, आराखड्याप्रमाणे मूळ १६० क्रेडिटच्या वर आणखी १८ ते २० क्रेडिट मिळवली की पदवीवर ऑनर्स लागतं. तेव्हा दुसऱ्या पाहुण्यांचा भाचा ‘ऑनर्स’ करून आला असेल, तर ते कुठलं ऑनर्स हे आधी विचारा.

अमेरिकेतला प्रकार याहून निराळा. तिथं मोठ्या विद्यापीठाच्या पोटात एक छोटं कॉलेज किंवा कार्यक्रम असतो. मुलं निवडून घेतात, त्यांना लहान वर्ग आणि वेगळा सल्लागार देतात, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी प्रबंध लिहून घेतात. ही कल्पना तिकडं रुजवली फ्रँक आयडलॉट यांनी. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला शिकले होते, १९२१ मध्ये स्वार्थमोर या छोट्या कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ऑनर्स सुरू केलं. सगळ्या वर्गाला एकाच चालीनं चालवलं की पुढं जाऊ शकणारा कंटाळतो, हा त्यांचा मुद्दा. तिथली एक पद्धत मला फार आवडते. ऑनर्सच्या विद्यार्थ्यांची अखेरची परीक्षा, लेखी आणि तोंडी, बाहेरून आलेले तज्ज्ञ घेतात. त्यामुळे शिक्षक गुण कापणारा राहत नाही. वस्ताद आणि पठ्ठ्या एका बाजूला, पंच बाहेरचा. कोल्हापूरकराला हे समजवायला वेगळं उदाहरण लागू नये.

मोठ्या सरकारी विद्यापीठांनी ही कल्पना आपापल्या परीनं उचलली. टेक्सास विद्यापीठाचा ‘प्लॅन टू’ १९३५ चा, मिशिगनचं ऑनर्स १९५७ चं. पुढं ॲरिझोना स्टेटचं बॅरेट, पेन स्टेटचं श्रेयर अशी स्वतःचं नाव असलेली ऑनर्स कॉलेजं उभी राहिली. अशा विद्यापीठात तीस-चाळीस हजार मुलं असतात. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या तासाला दोन-तीनशे जणांचा वर्ग भरतो, आणि प्रात्यक्षिकं पीएच.डी. करणारी मुलं घेतात. त्या गर्दीतून वीस जणांच्या खोलीत नेणारं दार म्हणजे ऑनर्स. याउलट प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी जवळजवळ प्रत्येकालाच शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो, म्हणून तिथं वेगळं ऑनर्स कॉलेज लागत नाही. तुमच्या मुलीच्या दुसऱ्या विद्यापीठात ऑनर्स नाही म्हणजे ते कमी दर्जाचं असं समजू नका. ते तिथं का नाही, एवढं मात्र शोधा. सगळ्यांनाच छोटे वर्ग मिळतात म्हणून, की कुणालाच मिळत नाहीत म्हणून?

वीस जणांच्या खोलीला मी एवढं महत्त्व का देतो, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी राधानगरी तालुक्यातला एक मुलगा शिफारसपत्र मागायला आला. पदवीची तीन वर्षं माझ्या वर्गात बसलेला. हजेरीपटावर १२० नावं. मला त्याचा चेहरा आठवत होता, बाकी काही नाही. मी लिहिलं, कष्टाळू आहे, नियमित आहे, प्रामाणिक आहे, वर्तणूक चांगली. त्याच आठवड्यात हेच चार शब्द मी आणखी सहा जणांना वाटले होते. त्याला कुठूनच बोलावणं आलं नाही. माझ्या एका पत्रामुळे आलं नाही असं म्हणत नाही, पण त्या पत्रानं त्याला रतीभरही मदत केली नसणार. तो पुढं औषध कंपनीत लागला, चांगलं चाललंय. भेटला की अजून वाकून नमस्कार करतो आणि मला दर वेळी ते पत्र आठवतं.

त्यानंतर मी पाच-सहा मुलांना तास संपल्यावर प्रयोगशाळेत बोलवायला लागलो. त्याला नाव नव्हतं, क्रेडिट नव्हतं, लॅब असिस्टंटची कुरकूर मात्र भरपूर होती. त्यात एक करवीर तालुक्यातली मुलगी होती, घरचं गुऱ्हाळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधीची ही गोष्ट. बाजारात पिवळाधमक गूळ दिसला की भाव चढतो, म्हणून रंग उजळायला काही लोक पाकात हायड्रॉस हे गंधकयुक्त रसायन टाकतात. वडील म्हणायचे, आम्ही फक्त भेंडीच्या चिकट रसानं मळी काढतो, बाकी काही घालत नाही. तिला ते मोजून बघायचं होतं. गुळात सल्फर डायऑक्साइड किती उरतो, हा तिचा प्रश्न. आयोडीननं टायट्रेशन, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं साधं काम.

दोन महिने आकडे जुळेनात. एकाच ढेपेचा गूळ सोमवारी एक सांगायचा, गुरुवारी भलतंच. मला वाटलं हिचा हात बसलेला नाही. तिला वाटलं गूळच सगळीकडे सारखा नसतो. एकदा तिनं गूळ बाजूलाच ठेवला आणि रोज नुसतं आयोडीनचं द्रावण तपासलं. द्रावण रोज थोडं थोडं फिकं पडत होतं. बाटली पांढऱ्या काचेची, खिडकीपाशी ठेवलेली, बूच सैल. आयोडीन उडून चाललं होतं, आणि आम्ही सोमवारी एकदा काढलेली तीव्रता आठवडाभर धरून बसलो होतो. रोज प्रमाणित करायचं, तपकिरी बाटलीत ठेवायचं, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मीच वर्गात सांगत आलो होतो.

ती पत्र मागायला आली तेव्हा मी विशेषण एकही वापरलं नाही, त्या बाटलीची गोष्ट लिहिली. तिला बाहेर पीएच.डी.ला जागा मिळाली, आणि तिच्या गाईडनं पहिल्याच भेटीत विचारलं, ‘ती आयोडीनवाली तूच का?’

ऑनर्सचा फायदा काय, याचं माझं उत्तर या दोन पत्रांमधल्या फरकात आहे. मी जे शनिवारी-बिनिवारी, लॅब असिस्टंटच्या शिव्या खाऊन पाच जणांसाठी केलं, ते चांगल्या ऑनर्स कॉलेजात व्यवस्थेनं होतं. गाईड ठरलेला, वर्ष ठरलेलं, रसायनांना आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कामाला थोडे पैसे, आणि शेवटी उभं राहून उत्तरं द्यायची एक तारीख. वीस वर्षांच्या मुलाला एखादा प्रश्न आठ-दहा महिने वागवता येतो का, हे परीक्षेत कळत नाही. बोर्डाच्या ९७ टक्क्यांत तर नाहीच नाही.

बाकीचे फायदे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात असतात, त्यातले दोन-तीनच बोलण्यासारखे. विषय निवडायला ऑनर्सच्या मुलांना इतरांच्या आधी संधी मिळते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ऑरगॅनिकचा चांगला प्राध्यापक आणि पहाटेचा कुणाला नको असलेला वर्ग यातला फरक तिथं काही मिनिटांत ठरतो. वेगळा सल्लागार असतो, त्याला तुमच्या मुलीचं नाव माहीत असतं. पुढच्या मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जांना मदत करणारं कार्यालय बहुधा ऑनर्सला लागूनच असतं.

आणि वसतिगृह. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली, तेव्हा पोरगं कुणाच्या शेजारी बसून अभ्यास करतं यानं काय फरक पडतो ते या गावाला शिकवायला नको. पण ती बोर्डिंगं दार उघडण्यासाठी होती. ऑनर्सचं वेगळं हॉस्टेल कधी कधी उलटं करतं, चार-पाचशे हुशार पोरं एका इमारतीत कोंडतं आणि ती आपापसातच फिरतात. मी पाठवलेल्यांपैकी एकानं पहिल्या वर्षानंतर ते हॉस्टेल सोडलं आणि शेतकी शाखेच्या मुलांबरोबर राहायला गेला. म्हणाला, ‘सर, इथं जेवणाच्या टेबलावर पण सगळे मार्कांचंच बोलतात.’

आता माहितीपत्रकात न सांगितलेली गोष्ट. ऑनर्स कॉलेजं आपल्या मुलांना गोल्डवॉटर शिष्यवृत्ती मिळाली, ट्रुमन मिळाली, असे फोटो छापतात. विज्ञानातल्या मुलांसाठी गोल्डवॉटर मानाची, पण ती अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणारे उन्हाळी संशोधनाचे ‘आरईयू’ कार्यक्रमही तसेच. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलीला ते दार बंद. हे तिथं पोचल्यावर दुसऱ्या वर्षी कळतं आणि पोरं खट्टू होतात. पण याचमुळे ऑनर्स कॉलेजाच्या स्वतःच्या तिजोरीतून मिळणारा संशोधनाचा पैसा आपल्या मुलांना अमेरिकन मुलांपेक्षा जास्त मोलाचा असतो. त्याला नागरिकत्वाची अट आहे का, हे विचारा. बहुतेकदा नसते, पण लेखी उत्तर घ्या.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, तर ते स्पष्टच बोलू. अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टींना साधारण सारखी नावं आहेत. एक ऑनर्स, त्यात शिक्षणाची सोय असते पण पैसा असतोच असं नाही. दुसरी निवडक ‘स्कॉलर्स’ची शिष्यवृत्ती. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली मोरहेड-केन १९४५ पासून आहे, व्हर्जिनिया विद्यापीठात जेफरसन स्कॉलर्स, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्यात मिळून रॉबर्टसन. या मिळाल्या तर शिक्षणाचा जवळपास सगळा खर्च आणि उन्हाळ्यातले कार्यक्रमही त्यातूनच होतात. हजारो अर्जांतून मोजकी मुलं घेतात. तुमच्या मुलीला मिळालंय ते पहिल्या प्रकारातलं, सोबत फी सवलत.

सरकारी विद्यापीठ म्हणून फी कमी असेल, असं तुमच्या पत्रातून वाटलं. ती कमी असते त्या राज्यातल्या रहिवाशांना. बाहेरच्याला, मग तो शेजारच्या राज्यातला असो की कसबा बावड्याचा, चढा दर. सवलत वजा करून उरलेला आकडा, त्यात राहणं, जेवण, आरोग्य विमा, विमानभाडं मिळवून चारनं गुणा. फी दर वर्षी वाढते, सवलतीचा आकडा बहुधा तोच राहतो. काही ऑनर्स कॉलेजं वेगळी ऑनर्स फी घेतात, तीही धरा. कॅम्पसवर काम करता येतं, पण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच, त्यातून खिशाचा खर्च निघतो, फी निघत नाही.

आपल्या सरकारी परदेशी शिष्यवृत्त्यांवर विसंबू नका. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज काय, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, शिवाय प्रवर्गाच्या अटी आहेत. पदवीला जाणाऱ्याला विद्यापीठानं दिलेलं आणि घरचं, एवढाच आधार. राजारामपुरीतला गाळा गहाण टाकण्याचा विचार तुमच्या पत्रात ओझरता आलाय. त्याबद्दल शेवटी बोलतो.

सवलतीची अट वाचलीत का? ती दर वर्षी आपोआप चालू राहत नाही. चारपैकी ३.२५, ३.४, ३.५ अशी सरासरी राखावी लागते, ठिकाणाप्रमाणे आकडा वेगळा. ऑनर्समध्ये राहण्याची अट आणि पैसे टिकण्याची अट वेगवेगळी असू शकते. आपली पोरं इथं एका विशिष्ट ठिकाणी ठेचकाळतात. गणित, रसायन यांत ती पुढं असतात. पण पहिल्या वर्षी ऑनर्सचा जो गटचर्चेचा वर्ग असतो, त्यात वाचायचं खूप आणि लिहायचं स्वतःच्या डोक्यानं. बॅरेटमध्ये ‘ह्यूमन इव्हेंट’ नावाचा असा वर्ग पहिली दोन सत्रं चालतो, जुने ग्रंथ वाचून वाद घालायचा. बारावीला गाईड पाठ करून आलेल्या मुलाला तिथं प्राध्यापक विचारतो, ‘तुझं काय म्हणणं आहे?’ आणि मुलगा गप्प, कारण बारा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. पहिला निबंध लाल होऊन परत येतो. रात्री दीडचे फोन बहुतेक त्या आठवड्यातले. दुसऱ्या सत्रापर्यंत सावरतात, पण तोवर सरासरीला खड्डा पडलेला असतो. तुमच्या मुलीला जायच्या आधी दोन-तीन महिने मिळतील. करवीर नगर वाचन मंदिरात १८५० पासून लोक वाचत बसले आहेत, तिलाही बसवा. जे वाचेल त्यावर रोज एक पान लिहू दे, मराठीत लिहिलं तरी चालेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ऑनर्सची मुलं पुढं जास्त यशस्वी होतात हे खरं दिसतं, पण ती आत घेतानाच निवडून घेतलेली असतात. तालमीत शिरतानाच जो सहा फुटी आहे, त्याच्या उंचीचं श्रेय तालमीला देता येत नाही. शिवाय आत शिरलेले सगळे शेवटपर्यंत टिकत नाहीत. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप, नोकरीचे अर्ज, प्रेमप्रकरणं सगळं एकदम येतं आणि प्रबंध मागं पडतो. प्रबंध सोडला की ऑनर्सचं जे उरतं ते चांगलं हॉस्टेल आणि आधी मिळालेलं वेळापत्रक. तेवढ्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही.

मग मोठं नाव की ऑनर्स? मुलीला पदवीनंतर थेट नोकरी हवी असेल, विशेषतः भारतात परत येऊन, तर पहिले पाहुणे बरोबर आहेत. मुंबईतल्या कंपनीच्या माणसाला ‘अमक्या विद्यापीठाचं तमकं ऑनर्स कॉलेज’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं, विद्यापीठाचं नाव ठाऊक असतं. तिला रसायनशास्त्रातच पुढं जायचं असेल तर हिशेब उलटतो. पीएच.डी.ला घेणारे प्राध्यापक विद्यापीठाच्या पाटीपेक्षा तुम्ही कुणाच्या प्रयोगशाळेत काय केलंत आणि तो माणूस तुमच्याबद्दल काय लिहितो हे बघतात. मोठ्या नावाच्या गर्दीत मागच्या बाकावर बसून तिला माझ्यासारख्याचं चार विशेषणांचं पत्र मिळणार असेल, तर त्या नावाचा तिला उपयोग नाही.

आयसरबद्दल तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी ते सगळ्यात वर ठेवलं असतं. पुण्याचं आयसर २००६ चं. पाच वर्षांची बी.एस.-एम.एस., त्यातलं शेवटचं वर्ष संशोधनाचं, आणि ते सगळ्यांनाच. म्हणजे अमेरिकेतलं ऑनर्स जे निवडक मुलांना देतं, ते तिथं अख्ख्या वर्गाला मिळतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची चार वर्षांची पदवीही अशीच संशोधनावर उभी आहे. त्यात बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात ती आली तर मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळू शकते, वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले २०,००० उन्हाळ्यात संशोधन करण्यासाठीच असतात.

इन्स्पायर कोल्हापुरात राहून शिकणाऱ्यालाही मिळते, हे आपल्याकडे फार थोड्या पालकांना माहीत असतं. नव्या शैक्षणिक धोरणात इथंही चौथं वर्ष आलंय. पहिल्या सहा सत्रांत ७.५ सीजीपीए असेल तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध, एकूण किमान १६० क्रेडिट. अशी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळाली तर एम.एस्सी. न करता पीएच.डी.ला अर्ज करता येतो. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात ते वर्ष कसं जाईल हे त्या कॉलेजात वेळ देणारा गाईड आणि चालू स्थितीतली उपकरणं आहेत का यावर अवलंबून, आणि ते प्रत्येक कॉलेजागणिक बदलतं. मुलगी कुठल्याच कारणानं बाहेर गेली नाही तर तिची वर्षं वाया गेली असं मात्र कुणी म्हणू नये.

आता तारखांची अडचण. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं १ मेपर्यंत होकार मागतात, बरोबर आपल्या महाराष्ट्र दिनी. आयसरची परीक्षा मे-जूनमध्ये, निकाल त्यानंतर. म्हणजे एका बाजूचं उत्तर आल्याशिवाय दुसरीकडे हो म्हणावं लागतं. होकारासोबत काहीशे डॉलर अनामत भरायची असते आणि ती सहसा परत मिळत नाही. ती विम्याचा हप्ता समजून भरा, एकाच ठिकाणी भरा. दोन्हीकडे हो म्हणून ठेवू नका. ते त्यांना खपत नाही.

त्याआधी या आठवड्यात मुलीलाच, तुम्ही नव्हे, ऑनर्स कॉलेजाला एक मेल लिहू दे. रसायनशास्त्रात मागच्या वर्षी ऑनर्सचे किती प्रबंध पूर्ण झाले? पहिल्या वर्षी आत आलेल्यांपैकी किती जण शेवटी ऑनर्ससह बाहेर पडतात? संशोधनाचा पैसा परदेशी विद्यार्थ्याला मिळतो का? सवलत टिकवायला सरासरी किती लागते, आणि एका सत्रात घसरली तर सावरायला मुदत देतात का? दुसऱ्या वर्षाच्या आत प्रयोगशाळेत शिरता येतं का? शेवटी, सध्या तिथं असलेल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी बोलणं करून द्या, असं लिहू दे. आकडे आणि नावं देऊन नीट उत्तर आलं तर ते कॉलेज चालतं आहे. ‘आमच्या समृद्ध समुदायात तुमचं स्वागत’ एवढंच आलं, तर समजून जा.

माझा क्रम विचाराल तर, तिला संशोधनच करायचं असेल तर आयसर पहिलं. ते मिळालं नाही आणि चार वर्षांचा पूर्ण आकडा गाळ्याला हात न लावता बसत असेल तर ऑनर्सचं विद्यापीठ. मोठ्या नावाचं, सवलत नसलेलं, ऑनर्स नसलेलं तिसरं. गाळा गहाण टाकून यातल्या कुठंही पाठवू नका. पदवीनंतर पीएच.डी.ला ती जाईल तेव्हा विज्ञानात बहुधा विद्यापीठच फी माफ करून वर दरमहा पैसे देतं. चार-पाच वर्षं थांबलं तर हाच प्रवास वडिलांच्या खर्चानं न होता विद्यापीठाच्या खर्चानं होतो.

आणि ज्या विद्यापीठाला नाही म्हणायचं ठरेल, त्यांना दोन ओळींचा नकार १ मेच्या आत कळवायला सांगा. गप्प बसून राहिलं तर जागा अडून राहते, आणि प्रतीक्षा यादीवरचं कुणाचं तरी पोरगं रोज मेल उघडून बघत असतं.